तिसरा ‘खट’

‘एवढं नुकसान करून घेतलंत, तरी ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स अजून घरीच का खोलता?’ नातेवाईक विचारतात, जुन्या गाड्या सांभाळणारे मित्र विचारतात, आणि मी दर वेळी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेतो. तुम्ही परत विचारलंत म्हणून या वेळी नीट सांगतो.

या प्रश्नामागोमाग दुसरा येतोच: जुन्या ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्सचं ऑइल बदललं की ती स्लिप व्हायला लागते ना, म्हणजे इंजिन फिरतं पण जोर चाकांपर्यंत पोचत नाही? क्लच प्लेटा आधीच झिजलेल्या असतात, लोक गिअर अडायला लागल्यावर शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदलतात, आणि खापर नव्या ऑइलवर फुटतं. चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं, खोलल्यावर आतल्या मॅग्नेटवर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर दिसला तर ती नेहमीची झीज असते. बोटाला टोचणारे धातूचे कण लागले आणि ऑइल काळं पडून जळका वास येत असेल, तर ऑइल बदलून तो गिअरबॉक्स सुधारत नाही. तसा समोर आला तर मीही हात लावत नाही, हे कबूल करतो.

आणि ‘बदललं’ म्हणजे किती? चेंबर उतरवला की साधारण निम्मं किंवा त्याहून कमीच ऑइल खाली येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) आणि कूलरच्या पाइपात राहतं. काही जुन्या कन्व्हर्टरना ड्रेन प्लग असायचा, माझ्या गाडीच्या नाही. दर वेळी 40 टक्के निघतं असं धरलं, तर तीनदा बदलूनही पाचवा हिस्सा जुनाच उरतो. मी ते तीनदा करतो, मधे थोडी गाडी चालवून. एवढा धीर बाहेर कोण धरणार? माझा घरी काम करण्यामागचा मुद्दा हाच होता, आणि त्या संध्याकाळी तोच खोटा ठरला.

गिअरबॉक्समधल्या ऑइल पंपाचं पुढचं सील गळत होतं. बेलहाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनला भिडणाऱ्या घंटेसारख्या तोंडाच्या, खालच्या कडेला लाल थेंब जमायचा. सील बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. धाकटा भाऊ मदतीला आला होता. गाडी स्टँडवर होती, नुसत्या जॅकवर नाही. सील छान बसलं, त्याच्या ओठाला ऑइल लावलं, कन्व्हर्टरमध्येही लिटरभर ओतलं. मग कन्व्हर्टर शाफ्टवर चढवायला घेतला.

तो तीन ठिकाणी बसावा लागतो. आतल्या टर्बाइनचे (फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाचे) दाते इनपुट शाफ्टवर, स्टेटरचे (मधल्या पात्यांच्या चाकाचे) दाते बाहेरच्या स्थिर नळीवर, आणि शेवटी कन्व्हर्टरच्या गळ्यावरच्या खाचा पंपाच्या गिअरमध्ये. हलके फिरवत आत ढकलायचं, आणि प्रत्येक टप्प्याला तो ‘खट’ करून थोडा आत जातो. मला दोन खट ऐकू आले. तिसरा दुसऱ्याबरोबरच झाला असेल, असं मी ठरवून टाकलं. अंधार पडत होता.

गिअरबॉक्स इंजिनला भिडवला तर बेलहाउसिंग बोटभर अलीकडेच अडलं. भाऊ म्हणाला, “दादा, हे हाताने का बसत नाही?” मी म्हणालो, “डॉवेल, जागा पक्की करणाऱ्या त्या पिना, गंजलेत, बोल्टने ओढून घेऊ.” एकेक बोल्ट थोडाथोडा आवळत गेलो. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तोही मी डॉवेलवर ढकलला. फ्लेक्सप्लेटला, म्हणजे इंजिनच्या टोकावरच्या पातळ चकतीला, जोडण्याआधी कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरायला हवा, पुढेमागे तीनचार मिलिमीटर सरकायला हवा. माझा जागचा हलेना. तरीही बोल्ट लावलेच.

इंजिन सुरू केलं, लिव्हर डीमध्ये टाकला, आणि गाडी जागेवरच. परत सगळं उतरवलं तेव्हा पंपाचा आतला गिअर दोन तुकडे होऊन पडला होता. भाऊ काही बोलला नाही. एकेक पाना कापडाने पुसून त्याने पेटीत ठेवला आणि तो घरी गेला.

‘वर्कशॉपमध्येही असं होतं’ हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. होतंही. पण त्या दिवशी मागे गिऱ्हाईक उभं नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं. समोरचा माणूस नेमका प्रश्न विचारत होता आणि मी त्याला गप्प केलं.

आता बेलहाउसिंगच्या तोंडावर स्टीलची पट्टी आडवी ठेवतो आणि तिथून कन्व्हर्टर किती आत गेलाय ते मोजतो. मॅन्युअलमधला आकडा जुळला नाही तर बोल्टला हात लावत नाही, मग रात्र होवो. बेलहाउसिंग हाताने बसलं नाही तर गिअरबॉक्स परत खाली. तेव्हा हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. त्याच मॅन्युअलचं ते पान मी आधल्या रात्री वाचलं होतं. म्हणून ‘आता मी शिकलोय, आता घरी करायला हरकत नाही’ असं तुम्हाला सांगताना माझाच आवाज मला पटत नाही. आणि तरी दुसऱ्या कुणाच्या हाती तो गिअरबॉक्स द्यायला मन तयार होत नाही.

गेल्या आठवड्यात बेलहाउसिंगच्या कडेला पुन्हा लाल थेंब दिसला. नवं सील आणून ठेवलंय. हे काम एकट्याचं नाही. भावाला फोन अजून केलेला नाही.