पांढऱ्या पेशी 1,300

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पॅथॉलॉजी लॅब चालवते. पावसाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक फॉर्मांवर 'ताप' एवढेच लिहिलेले असते आणि त्याखाली तपासण्यांची ठरलेली यादी असते: सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, मलेरिया, डेंग्यू आणि टायफॉइडसाठीची विडाल. ऑगस्टातल्या एका शनिवारी संध्याकाळी शिंपीकाम करणाऱ्या 56 वर्षांच्या एका गृहस्थांचा फॉर्म आला, तोही असाच होता. चालू औषधे लिहिण्यासाठी आम्ही फॉर्मवर एक रकाना मुद्दाम छापून घेतला आहे, आणि तो नेहमीप्रमाणे कोरा होता.

काउंटरने, म्हणजे पेशी मोजणाऱ्या यंत्राने, आकडे दिले ते असे: हिमोग्लोबिन 8.9, पांढऱ्या पेशी 1,300, प्लेटलेट 42,000. आमचा तंत्रज्ञ अनुभवी आहे आणि कामात चोख आहे. तो म्हणाला, "मॅडम, डेंग्यूच दिसतोय." त्याला असे वाटणे साहजिक होते, कारण डेंग्यूत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही उतरतात आणि त्या महिन्यात असे रिपोर्ट आमच्याकडून रोज बाहेर पडत होते. एनएस-वन ही डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली होती खरी, परंतु ताप सुरू होऊन पाचसहा दिवस उलटले की ती तपासणी डेंग्यू असूनही निगेटिव्ह येऊ शकते, आणि ताप नेमका कधीपासून आहे हे घरचे लोक क्वचितच नीट सांगतात. म्हणून पावसाळ्यात निगेटिव्ह कार्ड पाहून कोणी थांबत नाही. पेशंटचा मुलगा बाहेर उभा होता आणि त्याला फक्त प्लेटलेटचा आकडा हवा होता. आमच्या भागात गेल्या काही वर्षांत तापाच्या पेशंटच्या घरात हा एकच आकडा पाठ असतो. पांढऱ्या पेशी किती आहेत, त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल किती आहेत, हे विचारणारा नातेवाईक मला अजून भेटायचा आहे.

मला थांबवले ते एमसीव्हीने, म्हणजे तांबड्या पेशींच्या सरासरी आकारमानाने. तो 109 होता. साधारण 80 ते 100 ही त्याची मर्यादा. शिवाय डेंग्यू बळावला की रक्तातला द्रव झिरपून बाहेर जातो, त्यामुळे रक्त दाट होते आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, चढतो. इथे तो 27 होता. काही दिवसांच्या तापाने तांबड्या पेशी एवढ्या मोठ्या होत नाहीत. जे काही चालले होते ते आठवड्यांचे किंवा महिन्यांचे होते, आणि ताप हा त्याचा शेवटचा भाग होता.

स्लाइड मी स्वतः केली. पांढऱ्या पेशी इतक्या कमी असल्या की साध्या फिल्मवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थरावर, शंभर पेशी मोजायला शोधत फिरावे लागते आणि मग टक्केवारीवर भरवसा ठेवता येत नाही. अशा वेळी नमुना सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा आणि तांबड्या पेशी यांच्यामधला जो पातळ पांढुरका थर असतो, ज्याला आम्ही बफी कोट म्हणतो, त्याची वेगळी फिल्म ओढायची. साध्या फिल्म दोन आणि बफी कोटच्या दोन अशा चार स्लाइड मी लेशमन या रंगाने रंगवल्या. बफरचा पीएच 6.8 असावा लागतो. तो थोडा जरी हलला तरी कणांचे रंग बदलतात आणि नवख्या डोळ्याला भलतेच दिसू लागते. डेंग्यूत ज्या दिसायला हव्यात त्या रिॲक्टिव्ह लिम्फोसाइट, म्हणजे पसरट, निळसर कडेच्या, शेजारच्या तांबड्या पेशींना बिलगून बसणाऱ्या मोठ्या पेशी, जवळपास नव्हत्याच. तांबड्या पेशी मोठ्या आणि अंडाकृती होत्या. न्यूट्रोफिल मोजक्याच होत्या, पण ज्या होत्या त्यांच्या केंद्रकाचे पाच-पाच, सहा-सहा खंड पडलेले होते. एका पेशीत तर मी सात मोजले. एरवी हे खंड तीन किंवा चार असतात. डिफरन्शियल, म्हणजे पांढऱ्या पेशींची प्रकारवार मोजणी, करून न्यूट्रोफिल 38 टक्के निघाल्या, म्हणजे एका मायक्रोलिटरला 500 हूनही कमी, आणि या पातळीला साधा जंतूसुद्धा माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

इथे एक गोष्ट स्पष्टच लिहिते. काउंटर पाच भागांचा डिफरन्शियल देतो म्हणून स्लाइड पाहण्याची गरज उरली नाही असे मानणाऱ्या लॅब वाढल्या आहेत, आणि अशा ठिकाणी स्मिअरच्या, म्हणजे स्लाइडवर काय दिसले त्याच्या, रकान्यात आधीच टाइप करून ठेवलेले वाक्य छापले जाते. हा रुग्णाचा विश्वासघात आहे. यंत्र पेशी मोजते. न्यूट्रोफिलला सात खंड पडले आहेत हे ते सांगत नाही.

खंड वाढलेल्या न्यूट्रोफिल आणि मोठ्या अंडाकृती तांबड्या पेशी हे बी-12 किंवा फोलेट या जीवनसत्त्वांच्या कमतरतेचे चित्र आहे. या चित्राचा मुंबईशी जुना संबंध आहे. ल्युसी विल्स या इंग्लिश डॉक्टरांनी मुंबईतल्या गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या अशाच मोठ्या पेशींच्या ॲनिमियाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे 1931 साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातला घटक म्हणजे पुढे ओळखले गेलेले फोलेट. 1940 च्या दशकात येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या गटाने फोलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केले आणि फोलेटचा मार्ग अडवणारी औषधेही तयार केली, ज्यांतल्या एकाने 1948 साली सिडनी फार्बर यांनी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर तात्पुरता का होईना उतार मिळवला. त्याच घराण्यातले मेथोट्रेक्सेट आज आठवड्यातून एकदा, अगदी लहान मात्रेत, संधिवातासाठी आणि सोरायसिससाठी दिले जाते. म्हणून असे चित्र दिसले की आहाराची चौकशी मी नंतर करते, औषधाची आधी.

मुलाला आत बोलावून विचारले, तर त्याला काही सांगता येईना. त्याच्याच फोनवरून आईला विचारले, "ताई, आठवड्यातून एकदाच घ्यायची अशी एखादी गोळी चालू आहे का?"

"हो मॅडम, पुण्याच्या डॉक्टरांची. दर रविवारी. सांध्यांसाठी."

"त्यांचं तोंड आलंय का?"

"चार दिवस झाले. भाकरी खाताच येईना. ताकभातच चाललाय."

फाइल घेऊन ये म्हणून मुलाला घरी पाठवले. तो एक जाड प्लास्टिकची पिशवी घेऊन आला आणि तिच्यात सगळे होते. सोरायटिक आर्थ्रायटिसचे, म्हणजे सोरायसिससोबत येणाऱ्या संधिवाताचे, निदान, नखांवर खड्डे आणि दोन बोटे मुळापासून टोकापर्यंत सुजलेली असल्याची नोंद, आठवड्याला 15 मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट, त्यासोबत फोलिक ॲसिड, आणि दर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी, लिव्हर व मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासण्याची स्वच्छ अक्षरातली सूचना. त्याखाली गावातल्याच एका डॉक्टरांची आठवड्यापूर्वीची चिठ्ठी होती. लघवीला जळजळ होते म्हणून त्यांनी कोट्रायमोक्झॅझोल हे अँटिबायोटिक दिले होते, दिवसातून दोनदा.

हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. कोट्रायमोक्झॅझोलमधले ट्रायमेथोप्रिम फोलेटचा तोच मार्ग अडवते जो मेथोट्रेक्सेट आधीच अडवून बसलेले असते, आणि त्यातला सल्फा घटक मेथोट्रेक्सेटला मूत्रपिंडातून बाहेर पडू देत नाही. ही जोडी टाळावी असे औषधशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आहे. डेंग्यूसाठी आलेले सीरम हाताशी होते, त्यात क्रिएटिनिन लावले तर 1.9 निघाले, वर्षापूर्वीच्या रिपोर्टात ते 0.9 होते. मुलाने मग सांगितले की मशीनवर बसून पाठ धरते म्हणून वडील मेडिकलमधून डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी आणून घेत होते आणि फोलिक ॲसिड त्यांनी केव्हाच बंद केले होते, कारण ती नुसती ताकदीची गोळी आहे असे त्यांना कोणीतरी सांगितले होते.

गावातल्या डॉक्टरांना फोन केला. ते भले गृहस्थ आहेत आणि रात्री-अपरात्री उठून जाणारे आहेत. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "मला त्यांनी संधिवाताचं औषध सांगितलंच नाही." पुढे त्यांनी वेळ घालवला नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांनी स्वतः फिजिशियनशी बोलून खाट मिळवली. पण मी पेशंटच्या पत्नीला नंतर विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की डॉक्टरांनी 'शुगर-बीपीची गोळी चालू आहे का' एवढेच विचारले होते, आणि ती चालू नव्हती. रविवारची एक गोळी कोणी रोजच्या औषधांत धरत नाही, त्यामुळे तसा प्रश्न विचारला तर असे उत्तर येणारच. हा दोष मी एकट्या त्या डॉक्टरांना देत नाही, कारण पुण्याच्या चिठ्ठीवर कोणती औषधे सोबत घेऊ नयेत याबद्दल एक ओळही नव्हती.

मेथोट्रेक्सेटने एकदा फोलेटच्या मार्गातले एन्झाइम अडवले की साधे फोलिक ॲसिड पोटात घालून उपयोग होत नाही, कारण त्याला कामाच्या रूपात आणणारे एन्झाइमच बंद असते. त्यासाठी ल्युकोव्होरिन लागते, जे त्या अडथळ्याच्या पलीकडे जाऊन पेशीला मिळते. आमच्या गावातल्या एकाही मेडिकलमध्ये ते नव्हते. जिल्ह्याच्या ठिकाणी कर्करोगाची औषधे ठेवणाऱ्या दुकानात मिळाले आणि त्याच रात्री सुरू झाले. सोबत शिरेतून अँटिबायोटिक आणि पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने. दुसऱ्या दिवशी प्लेटलेट आणखी उतरल्या आणि तोंडातून रक्त येऊ लागले. तिथल्या लॅबमधली डॉक्टर माझी जुनी विद्यार्थिनी आहे, ती मला रोज आकडे कळवत होती. आठवडा उलटल्यावर पांढऱ्या पेशी 2,600 झाल्या, नंतर 5,000 च्या पुढे गेल्या आणि ते घरी आले.

मात्र जी गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही ती त्या पिशवीतली आहे. सांगितल्याप्रमाणे त्यांनी सीबीसी करून घेतले होते, तीन वेगवेगळ्या शहरांतल्या तीन लॅबमध्ये, जिथे लेकीकडे किंवा लग्नाला गेले असतील तिथे. रात्री मी ते रिपोर्ट तारखेप्रमाणे टेबलावर मांडले. पांढऱ्या पेशी 8,400, मग 6,900, मग 5,200, मग 4,300. एमसीव्ही 87, 93, 98, 101. प्लेटलेट 2 लाख 80 हजारांवरून 1 लाख 70 हजारांवर. शेवटचा एमसीव्ही मर्यादेच्या जेमतेम पुढे होता, तेवढा सोडला तर प्रत्येक आकडा 'नॉर्मल' होता आणि एकाही रिपोर्टावर ठळक अक्षर किंवा बाण नव्हता. घरच्यांनी ते व्हॉट्सॲपवर पुण्याला पाठवले होते आणि तिकडून अंगठा आला होता. नुसता मोठा एमसीव्ही मेथोट्रेक्सेटवर असलेल्या अनेकांत दिसतो आणि त्याने घाबरून जायचे नसते, हेही खरे. परंतु तिन्ही आकडे एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होते, आणि कोट्रायमोक्झॅझोलची पहिली गोळी पोटात जाण्याआधीच बोनमॅरो, म्हणजे रक्तपेशी तयार करणारा हाडांतला मगज, दमत चालली होती. ते चार रिपोर्ट एकत्र पाहणारे कोणी नव्हते.

ही हकीकत ऐकून काही जणांनी 'असली औषधं घ्यावीतच कशाला' असे म्हटले, त्याचा मला मनापासून राग येतो. हे औषध सुरू होण्यापूर्वी या माणसाला कात्री धरता येत नव्हती. सुईत दोरा ओवायला मुलाला बोलवावे लागे. मेथोट्रेक्सेटवर त्यांची बोटे पुन्हा चालू लागली आणि तेही परवडणाऱ्या खर्चात. आता ते बंद झाले आहे आणि सांधे पुन्हा धरू लागले आहेत. ते परवा लॅबमध्ये आले तेव्हा उजव्या हाताचे मधले बोट पुन्हा फुगलेले दिसले आणि कोपरांवर खवले परतले होते. पुण्याच्या डॉक्टरांनी जी इंजेक्शने सुचवली आहेत त्यांचा खर्च ऐकून घरात कोणी काही बोलत नाही. मूत्रपिंड सुधारल्यावर कमी मात्रेत तेच औषध पुन्हा द्यावे का, याचा विचार चालू आहे आणि तो निर्णय माझा नाही.

माझ्या हातात होते ते मी बदलले. मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, सल्फासॅलझिन किंवा ॲझाथायोप्रिन अशी संधिवातावर दिली जाणारी औषधे चालू असलेल्यांच्या रिपोर्टावर आधीच्या तीन तपासण्यांचे आकडे शेजारी छापायला सुरुवात केली, इतर लॅबचे असले तरी. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नाही म्हणून तंत्रज्ञ ते हाताने भरतो. नमुना घेणारी मुलगी आता 'आठवड्यातून एकदाची गोळी आहे का' असे प्रत्येकाला तोंडी विचारते, कारण कोऱ्या रकान्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

एका बाबतीत मात्र फिजिशियन मित्रांशी माझा वाद मिटलेला नाही. आकडा मर्यादेत असूनही सलग उतरत असेल तर मी आता डॉक्टरांना फोन करते. त्यांचे म्हणणे असे की 4,300 साठी प्रत्येक लॅबने फोन करायचा ठरवले तर ओपीडी चालणार नाही, आणि खऱ्या धोक्याचा फोन त्या गर्दीत हरवेल. त्यात तथ्य आहे. किती उतरल्यावर फोन करावा, याचा सर्वांनी मान्य केलेला आकडा कुठेही लिहिलेला नाही, आणि माझ्याकडेही तो नाही. मागच्या आठवड्यात मी असाच एक फोन केला. पांढऱ्या पेशी 4,800 होत्या, आधीच्या खेपेला 7,000. डॉक्टरांच्या आवाजात नाराजी होती, पण त्यांनी क्रिएटिनिन करायला सांगितले.