पुढील स्टेशन, दादर
माझा लेक ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न आहे. त्याला तहान लागली की तो म्हणतो, "तुला पाणी हवंय का?" आपण विचारतो तसंच, आपल्याच सुरात. नातेवाईकांना ती पोपटपंची वाटते. तसं नाही हो! याला एकोलॅलिया म्हणतात, म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं पुन्हा म्हणणं. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्या ऑटिझमवरच्या १९४३ च्या लेखातही अशी उसनी वाक्यं आणि 'मी-तू'ची अदलाबदल आहे. पुष्कळ मुलं आधी अख्खी वाक्यं उचलतात, मग त्यांचे तुकडे जोडून स्वतःचं बोलू लागतात.

म्हणून मी त्याला टोकत नाही. ग्लास देताना त्याच्या बाजूने म्हणते, "मला पाणी हवंय." बाहेर जायचं असलं की चपला हातात घेऊन दारात "पुढील स्टेशन, दादर" सुरू होतं, अगदी लोकलमधल्या बाईंच्या आवाजात. हल्ली त्याचं "पुढील स्टेशन, आजी" झालंय. मला हे फार मोठं वाटतं.

आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्रांवर बोट ठेवून हवं ते सांगायचं ॲपही आम्ही वापरतो. त्याने बोलणं राहून जाईल, अशी भीती खूप जणांनी घातली. संशोधन तसं सांगत नाही. काही मुलांचं बोलणं उलट वाढतं. आणि ज्यांचं वाढत नाही, त्यांनाही पोट दुखतंय हे आत्ता सांगता यायला हवंच ना?