आधी वस्तू उलटी करून बघा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. घरी आलेलं माणूस सागवानी टेबलावरून हात फिरवतं, ओट्याशेजारच्या पितळी गुंडाकडे, म्हणजे पाण्याच्या मोठ्या भांड्याकडे, बघतं आणि विचारतं, "जुन्या सामानात इतकं चांगलं तुम्हालाच कसं मिळतं? आम्ही गेलो की भंगारच हाती लागतं." आजवर चहा होईपर्यंत जमेल तेवढं सांगून वेळ मारून नेली. आता नीट सांगते.

एखाद्या दुकानाचं नाव मिळेल अशी तुमची अपेक्षा असते, पण तसं ठरलेलं दुकान माझं नाही. मी वस्तूला दोन गोष्टी विचारते. तू उघडतेस का? आणि उघडल्यावर तुला दुरुस्त करणारा माणूस नागपुरात अजून आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तर ती कितीही मळलेली असली तरी मी थांबते. नसेल, तर फुकटातही घेत नाही. सगळं दाबून, चिकटवून, एकदाच वापरायला केलेलं सामान जुनं झालं की भंगारच होतं. जे खोलता येईल असं केलेलं होतं, ते मळतं, पण मोडीत निघत नाही.

आपल्या शहरात असं सामान बरंच आहे आणि त्याला कारण आहे. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होती, आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची. राजधानी म्हटली की कचेऱ्या आल्या, बंगले आले, वकिलांच्या बैठकी आल्या आणि त्या सगळ्यांना लागणारी टेबलं-कपाटं आली. लाकडाला लांब जायची गरजच नव्हती. चांदा-गडचिरोलीचं सागवान आजही असं आहे की नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं आणि अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून. राजधानी गेली तरी बदलीची माणसं येत-जात राहिली: रेल्वेची, वेकोलि या कोळसा कंपनीची, वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडची. शाळांच्या परीक्षा संपल्या की यांची घरं हलतात. पुण्याला किंवा भोपाळला टेम्पो करण्यापेक्षा टेबल इथंच देऊन टाकलेलं परवडतं. म्हणून एप्रिल-मे हे दोन महिने मी डोळे उघडे ठेवून फिरते. कॉलनीच्या चौकीदाराला, इस्त्रीवाल्या दादांना सांगून ठेवते. कबाड्याकडे पोचायच्या आधी वस्तू बघायला मिळाली, तर तिचा इतिहासही विचारता येतो.

टेबल बघायचं तर वरून बघूच नका. वर पॉलिश असतं आणि पॉलिश कशालाही चढतं. आमच्या टेबलाच्या वेळी मी खाली वाकले, तर दुकानदार म्हणाला, "ताई, खाली काय पाहून राहिल्या? वरून पहा न, कसं चमकून राहिलं!" बिचारा खरंच बोलत होता, चमकत होतंच. पण मला खालची फळी हवी होती. खालच्या बाजूला कोणी रंग देत नाही, तिथं लाकूड उघडं असतं. काठाला पापुद्र्यांसारखे थर दिसले तर प्लायवूड. सलग रेषा काठावरून आत जाताना दिसली तर अख्खी फळी. नखानं जरा खरवडून नाक जवळ न्या, सागाला त्याचा स्वतःचा तेलकट वास असतो, जुन्यालाही.

मग खण पूर्ण बाहेर काढा. हे दुकानदाराला विचारून करा, पण कराच. खणाच्या कोपऱ्यात दोन फळ्या कशा जोडल्यात ते बघा. आमच्या खणाच्या फळ्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तशा एकमेकींत बसल्या आहेत, खिळा एकही नाही. असं काम करणाऱ्या सुताराला बाकीच्या टेबलातही घाई करवत नाही, हा माझा अनुभव. खणाच्या तळाशी पांढरट भुकटी आहे का बघा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि त्यातून ताजी भुकटी म्हणजे भुंगा आत जिवंत आहे. भोकं जुनी, काळपट आणि टिचकी मारूनही भुकटी पडत नसेल, तर तो कधीचाच गेला, औषध मारून घेता येतं. पायावर मातीच्या रेघा असतील आणि टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर वाळवी, मग दाम कितीही उतरू द्या, निघा. पलंग असेल तर सांध्यांत मोबाईलचा टॉर्च मारा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण.

कूलरबद्दल तुम्ही कधी विचारत नाही, आणि नागपुरात सगळ्यांत आधी तेच विचारायला हवं. पारा ४५ च्या पुढे गेला, नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आला, की लोक धावतपळत कूलर घ्यायला निघतात आणि जुना कूलर नव्याच्या भावात विकला जातो. जुना लोखंडी कूलर दिवाळीच्या आसपास घ्या. तेव्हा तो गच्चीवर अडगळ झालेला असतो.

वाळ्याच्या किंवा वुडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंच्या, ताट्यांकडे बघू नका, त्या दरवर्षी बदलायच्याच असतात. बघायचा तो पत्रा. पत्र्याच्या गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड, म्हणजे २२ पेक्षा १८ भक्कम. टाकीचा तळ आतून चाचपा. डांबराचे किंवा रंगाचे थरावर थर असतील तर ते कशाला दिलेत हे स्वतःच ठरवा, आणि बाहेरून पेचकसाच्या मुठीनं ठोका. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला थप्प वाजतो. पंख्याचा दांडा धरून वर-खाली हलवा. हलला तर बुश किंवा बेअरिंग गेलंय, ते स्वस्तात बदलतं. मोटरचं वाइंडिंग तांब्याचं आहे की अॅल्युमिनियमचं, हे मात्र विचारा, आणि जमलं तर ओळखीच्या वाइंडिंगवाल्याला सोबत न्या. तांब्याची मोटर जळली तरी पुन्हा भरून वर्षानुवर्षं चालते.

आणि घरी आणल्यावर पाणी भरण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. तीन पिनांचा प्लग, अर्थिंगची तार कूलरच्या अंगाला नीट घट्ट बसवलेली, आणि घरातलं अर्थिंग खरोखर चालू. कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं दगावतात, बहुतेक वेळा पाणी भरताना. जुना कूलर घेऊन वाचवलेले पैसे इथं खर्च करा. याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

पितळेचं सोपं आहे, पण आधी अभ्यास लागतो. इतवारीच्या भांडे ओळीत जायच्या दिवशी पितळेच्या मोडीचा भाव विचारून घ्या. जुनं भांडं त्या भावाच्या किती वर सांगितलं जातंय यावरून दुकानदार तुम्हाला काय समजतोय ते कळतं. थोडं वर असणं रास्त आहे, घडणावळ कुणीतरी केलीच होती. खिशात लोहचुंबक ठेवा. पितळेला, तांब्याला, काशाला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. गुंड असो की गडवा (तांब्या) की कोपर (पसरट परात), उलटा करा. बूड आणि अंग जिथं जोडलंय तिथं डाख, म्हणजे धातू वितळवून केलेला सांधा, दिसेल. डाख असणं वाईट नाही, उलट कुणाला तरी ते भांडं टाकवलं नाही याची ती खूण आहे. फक्त पाणी भरून कोरड्या कागदावर थोडा वेळ ठेवा. काशाची वाटी असेल तर काठावर नखानं टिचकी मारा. तडा नसलेलं कासं वाजत राहतं, तडकलेलं लगेच गप्प होतं. भंडारा आपल्या इतक्या जवळ, पितळेच्या कामासाठी ओळखलं जाणारं गाव, त्यामुळे आपल्याकडच्या आज्यांच्या घरात निघणारी भांडी वजनदार असतात. ती मोडीत जाऊन वितळतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

शिलाई मशीन घ्यायची तर सिंगर, उषा, मेरिट, नाव कुठलंही चालेल. सुई काढून चाक हातानं हळूहळू फिरवा. कुठंही अडकता कामा नये. दाब-पाय उचलून खालचे दाते बोटानं चाचपा, ते गुळगुळीत झाले असतील तर कापड पुढं सरकणार नाही. बॉबिन बाजारात मिळते का, हे घ्यायच्या आधी विचारा. बाकी तेल आणि साफसफाईनं होतं.

एचएमटीची घड्याळं आठवडी बाजाराच्या कडेला पोत्यावर मांडलेली दिसतात आणि अनेकांना मोह होतो. कंपनीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनसोबत घड्याळं करायला सुरुवात केली, २०१६ मध्ये सरकारनं हा कारखाना बंद करायचं ठरवलं. त्यानंतर मागणी वाढली आणि जुन्या यंत्रावर नवे रंगवलेले तबकडे बसवून विकणंही वाढलं. झगझगीत निळा-नारंगी तबकडा आणि घड्याळाची केस मात्र घासून गेलेली, असं दिसलं की समजा. यंत्र अस्सल असू शकतं, चालूही शकतं, पण ते 'ओरिजनल' म्हणून जास्त पैसे देऊ नका.

कपड्यांत मी फार नाही. सुती साड्या आणि लोकरीचे कोट, इतकंच. शिवणीतून एक धागा काढून जाळून बघा: सूत कागदासारखं जळून मऊ राख होतं, पॉलिस्टरचा कडक मणी होतो, लोकरीला केस जळल्याचा वास येतो. बगल आणि कॉलर उजेडात धरा. झालं.

काही गोष्टी जुन्या घेऊच नये असं माझं ठाम मत आहे: हेल्मेट, गाद्या-उशा, गॅसची नळी, रेग्युलेटर, गीझर. हेल्मेट एकदा आपटलं की बाहेरून दिसत नसलं तरी आतून कामातून जातं. जुना मोबाईल घेणार असाल तर आधी त्यावर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक काढा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. चोरीचा म्हणून तो बंद केलेला असेल तर तिथं कळतं. कागदावर दोन ओळींची पावती मात्र कुठल्याही सामानाची मागा. जो द्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

घासाघीस करते का? करते, पण वस्तू पूर्ण तपासून झाल्यावर आणि एकदाच. दोष दाखवते, दुरुस्तीला काय लागेल ते बोलून दाखवते, माझा आकडा सांगते. त्यांना पटलं तर पैसे मोजते, नाही तर नमस्कार करून निघते. पुढच्या वेळी तेच बोलावतात, "या ताई, तुमच्यासाठी एक चीज बाजूला ठेवली आहे जी." त्या माणसाचं पोट यावर आहे, हे लक्षात ठेवून बोललं की दुकानाच्या आतल्या खोलीचं दार उघडतं, आणि चांगला माल तिथंच असतो.

पितळेपासून सुरुवात करणार असाल तर घेतलेलं भांडं लगेच वापरायला काढू नका. आत कल्हई नसेल तर त्यात चिंच, टोमॅटो, ताक, आंबट काहीही चालणार नाही. आमच्याकडे येणारे कल्हईवाले काका भांडं तापवतात, नवसागर टाकतात आणि कथील कापसानं आतून फिरवतात, बघता बघता काळं भांडं पांढरंशुभ्र होतं. दसरा-दिवाळीच्या मध्ये त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून तुमची भांडी नवरात्र बसायच्या आत काढून ठेवा. ते आमच्या गल्लीत आले की मी फोन करते.