नारळी पौर्णिमेनंतरचा शनिवार : पेम्ब्रोकच्या समुद्रकड्यांवर

सह्याद्रीत चढाईचा बेत आखताना आपण पायथ्याचं गाव ठरवतो, पाणी कुठे मिळेल ते विचारून ठेवतो आणि पहाटे कातळाला भिडतो. दुपारपर्यंत सुळका सर झाला नाही तर खाली उतरायचं, गावात चहा घ्यायचा, पुढच्या खेपेला पुन्हा यायचं. वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला, पेम्ब्रोकशायरच्या चुनखडकाच्या कड्यांवर हा सगळा क्रमच उलटा होतो. तुम्ही आधी माथ्यावर पोचता, तिथून रॅपलिंग करत, म्हणजे दोराला धरून सरकत, थेट समुद्राच्या पातळीला उतरता, आणि परतीची वाट म्हणजे तुमची चढाई. शिवाय ज्या दगडावर उभे आहात तो काही तासांनी पाण्याखाली जाणार असतो. त्यामुळे इथे आधी बाहेर कसं पडायचं ते ठरतं आणि मग कुठून चढायचं ते.

मी ब्रिस्टलला राहते. माझी दोरावरची जोडीदारीण मूळची नाशिकची, आता कार्डिफला असते. पेम्ब्रोकचा बेत आम्ही उन्हाळाभर घोळवत होतो, कारण इथे नुसती सुट्टी काढून भागत नाही. चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच दिवशी जुळाव्या लागतात.

पहिली अर्थातच भरती-ओहोटी. मिलफर्ड हेवनचं वेळापत्रक इथे सगळे वापरतात. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या दिवसांत तिथे पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी यांत सरासरी सहा मीटरहून जास्त फरक असतो. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, तो तीन मीटरच्याही आत येतो. भांगाला पाणी इतकं कमी उतरतं की काही कड्यांचा पायथा नीट उघडाच पडत नाही. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येच्या जवळचेच दिवस हवेत.

हे मी हर्णैच्या मामाला फोनवर सांगत होते, तर त्याने लगेच विचारलं, "अगं, पण पौर्णिमेला दुपारी तिकडे भरती की सुकती?" त्याचा हिशेब पिढीजात : तिथीची पाऊणपट करायची, ढोबळमानाने तीच भरतीची वेळ. म्हणून आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमेला भर दुपारी समुद्र फुगलेला असतो. पेम्ब्रोकला नेमकं याच्या उलट. उन्हाळी घड्याळाप्रमाणे पौर्णिमा-अमावास्येला दुपारी एक-दीडच्या सुमारास तिथे पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं. गिर्यारोहकांचं हे मोठंच भाग्य! दिवसाचे सगळ्यात उबदार, कोरडे तास आणि उघडा पायथा एकत्र मिळतात. मामाला हे पटायला वेळ लागला. एकाच चंद्राने दोन किनाऱ्यांवर असं उलटं वागावं हे त्याला रुचत नव्हतं. (वेळापत्रक पाहताना एक जपायचं : बरीच छापील कोष्टकं ग्रिनिच वेळेत असतात, उन्हाळ्यात त्यांत एक तास मिळवावा लागतो.)

दुसरी गोष्ट पक्षी. गिलेमॉट, रेझरबिल, लाल चोचीचे चफ हे सगळे याच कड्यांच्या कपारींत घरटी करतात. मार्चपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत अनेक भाग चढाईला बंद असतात. ब्रिटिश माउंटेनियरिंग कौन्सिलच्या संकेतस्थळावर कुठला भाग कधी बंद ते कडानिहाय दिलेलं असतं, आणि गिर्यारोहक ते मनापासून पाळतात. मला ही शिस्त फार आवडते. आपल्याकडे गिधाडांच्या कड्यांसाठी अशी यादी असती तर किती बरं झालं असतं!

तिसरी गोष्ट लष्कर. कासलमार्टिनचा गोळीबार सराव परिसर या किनाऱ्याचा मोठा पट्टा व्यापून आहे. रणगाडे इथे अजूनही सराव करतात. १९६१ ते १९९६ या काळात जर्मन सैन्याच्या तुकड्याही इथे येत असत. पूर्वेकडचा भाग गोळीबार नसेल तेव्हा, म्हणजे बहुधा शनिवार-रविवारी, खुला असतो. पश्चिमेकडच्या भागात जायला आधी लष्कराच्या माहितीसत्राला हजर राहावं लागतं. लाल निशाण वर असेल तर प्रश्नच मिटला.

आणि चौथी अटलांटिकची लाट. पाणी कितीही खाली जावो, दूरच्या वादळाची फुगलेली लाट येत असेल तर ओहोटीचा उपयोग शून्य.

या चारही चाळण्यांतून एक दिवस खाली उरला. यंदा नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या अखेरीस, शुक्रवारी आली होती. पक्ष्यांची बंदी उठलेली, शरदातली वादळं अजून लांब, शनिवारी ओहोटी दोनच्या सुमारास. लाटेचा अंदाजही शांत. कोळीवाड्यांत समुद्राला नारळ वाहून होड्या पाण्यात लोटल्या की दुसऱ्याच दिवशी आम्हीही समुद्रावर!

शुक्रवारी दुपारी निघालो. तीनच्या सुमारास सेव्हर्नचा पूल ओलांडताना खाली चिखलाचे लांबच लांब पट्टे उघडे पडले होते. ब्रिस्टलच्या खाडीत मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी १४ मीटरच्या आसपास वर-खाली होते, जगातल्या सगळ्यात मोठ्या फरकांपैकी हा एक. स्वान्झी, कारमार्थन मागे टाकत संध्याकाळी तंबू ठोकला आणि लगेच स्टॅकपोल क्वेवरून पायवाटेला लागलो. बॅराफंडलची पुळण, मग स्टॅकपोल हेड, त्यापलीकडे आमचा कडा, मोइंग वर्ड. हा लष्कराच्या हद्दीबाहेर आहे.

आदल्या संध्याकाळी तिथे जाण्याचं कारण एकच : साडेसातची पूर्ण भरती डोळ्यांनी पाहायची होती. माथ्यावर पालथं झोपून खाली पाहिलं. उद्या पायथ्याच्या ज्या सपाट खडकावर, म्हणजे फरशीवर, उभं राहायचं ती पार बुडाली होती आणि प्रत्येक लाट तिच्या वर कातळावर चढत होती. उजेड होता तोवर आम्ही कड्याचे रंग वाचत बसलो. सगळ्यात खाली खरखरीत करडा थर, रोज बुडणारा. त्यावर काळाकुट्ट निसरडा पट्टा, तुषार पोचतात तिथवर. त्याच्याही वर पिवळं-केशरी दगडफूल, आणि मग स्वच्छ करडा चुनखडक. वेळापत्रक हरवलं तरी समुद्र कुठवर येतो हे हे पट्टे सांगतात. दगडफुलाच्या वरचा एक चांगला ऐसपैस बेचका हेरून ठेवला : काही कारणाने उशीर झालाच, तर आधी तिथवर जायचं.

रात्री तंबूत वेळेचा हिशेब केला. सहा तासांत पाणी एकाच वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. सहा मीटरचा चढ म्हणजे मधल्या दोन तासांत तीन मीटर पाणी वाढणार. दोनला ओहोटी, तर चारनंतर समुद्र धावतच वर येणार. ठरलं : साडेबाराला उतरायचं, साडेतीनला फरशी रिकामी.

शनिवारी माथ्यावर वारा होता, आणि तो हवाच होता. सकाळी इथला खडक दमट, साबण लावल्यासारखा असतो; वारा आणि ऊन दोन्ही लागल्यावरच पकडी धरायच्या लायकीच्या होतात. रॅपलिंगसाठी इथल्या कड्यांच्या माथ्यावर गवतात लोखंडी मेखा ठोकलेल्या असतात. खाऱ्या हवेने त्या जमिनीलगत झिजतात, म्हणून माती बाजूला सारून बुंधा पाहिला, लाथ मारून पाहिली, आणि दोन मेखा व मागच्या कातळातल्या भेगेत बसवलेले नट (तारेला लावलेल्या धातूच्या पाचरी) असा तिन्हींवर भार वाटून दिला. धारेवर दोर घासू नये म्हणून कॅनव्हासची पट्टी घातली. दोराचं खालचं टोक न फेकता पिशवीत घालून कमरेला लावलं, नाहीतर लाटा ते कपारीत ओढून अडकवतात.

हा दोर चढाईचा नव्हे. तो दिवसभर तसाच लटकत ठेवायचा. वर जाणं जमलं नाही तर प्रुसिकच्या, म्हणजे भार पडला की दोराला घट्ट आवळणाऱ्या फासांनी याच दोरावरून बाहेर पडायचं. चढाईसाठी दोन वेगळे दोर. खडकात कायमचे बोल्ट न मारण्याचा इथला पक्का रिवाज आहे. नट, फ्रेंड्स (भेगेत स्प्रिंगने रुतणारी उपकरणं) आणि स्लिंग (पट्टीचे फास) जे तुम्ही लावाल तेवढंच, आणि दुसऱ्याने ते काढत वर यायचं.

आम्ही निवडलेला मार्ग, दिएद्र सुद, एचएस (हार्ड सिव्हिअर) ४बी श्रेणीचा. ब्रिटिश श्रेणीत पहिला भाग एकूण गांभीर्य सांगतो, दुसरा सगळ्यात अवघड चालीची कठीणता. आम्हा दोघींना याहून अवघड चढता येतं, पण पहिल्यांदा समुद्रात उतरताना हाताशी फरक राखून ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं. दोन भिंतींच्या मधल्या कोनातून सरळ वर जाणारी ही ओळ. लीड, म्हणजे पुढे चढण्याचं काम, माझ्याकडे होती. काळ्या पट्ट्यावर पाय अगदी जपून ठेवले. तिथे बूट टिकतच नाही. पहिला नट त्याच्या वर भेगेत खट्कन बसला आणि जीव भांड्यात पडला.

बेसॉल्टवर वाढलेल्या हातांना चुनखडक म्हणजे मेजवानी आहे. पाण्याने पोखरलेली भोकं, कडा असलेले कप्पे, बोटांना हवं तिथे काहीतरी. एके ठिकाणी खडकाला आरपार छिद्र होतं : एका बाजूने स्लिंग आत सरकवली, नटच्या तारेने पलीकडून ओढून घेतली, दोन्ही टोकांत कॅरॅबिनर. सह्याद्रीत असं नैसर्गिक अँकर क्वचितच मिळतं. खाली लाटांचा आवाज इतका की हाका पोचत नाहीत, म्हणून दोराला झटके देऊन बोलायचं हे आधीच ठरलं होतं : तीन झटके, म्हणजे मी सुरक्षित, तू नीघ.

ती फरशी सोडून निघाली तेव्हा सव्वातीन झाले होते. माथ्यावर आल्यावर आम्ही दोघींनी खाली पाहिलं. फरशीच्या बाहेरच्या कडेवरून पहिलं पाणी आत येत होतं. जागा पुढच्यांसाठी रिकामी म्हणून दोर लगेच ओढून घेतला.

रविवारचा बेत लष्करी परिसराच्या पूर्वेकडच्या भागातल्या सॅडल हेडवर ब्लू स्काय नावाच्या व्हीएस (व्हेरी सिव्हिअर) मार्गाचा होता. लाल निशाण नव्हतं, ओहोटीही सोयीची, पण रात्रीतून लाट वाढली होती आणि पांढरं पाणी काळ्या पट्ट्याच्या वर उडत होतं. दोर पिशवीतून काढलाच नाही. त्याऐवजी सेंट गोव्हनच्या चॅपेलला गेलो. कड्याच्या खाचेत बसवलेली ही एवढीशी दगडी वास्तू. तिच्या पायऱ्या उतरताना मोजल्या आणि चढताना मोजल्या तर आकडा जुळत नाही अशी तिथली समजूत आहे. मग पश्चिमेला ग्रीन ब्रिज ही नैसर्गिक कमान पाहिली. ऑक्टोबर २०१७च्या ओफेलिया वादळात तिचा एक तुकडा समुद्रात कोसळला.

तुम्ही जाणार असाल तर एवढं लक्षात असू द्या : परतल्यावर फ्रेंड्स गोड्या पाण्यात बुडवून, चाप हलवत धुवायचे आणि वाळल्यावर तेल द्यायचं, नाहीतर मीठ स्प्रिंगा खाऊन टाकतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इथल्या गुहांत सील मादी पिल्लांना जन्म देतात, तेव्हा खाली पिल्लू दिसलं तर तिथे उतरू नका. ब्लू स्कायसाठी आम्ही आता पुढच्या वर्षीची नारळी पौर्णिमा पंचांगात पाहून ठेवली आहे, आणि पश्चिमेकडच्या भागाच्या माहितीसत्राला वसंतात जाणार आहोत.