समोरचा वारा आणि चौघांची रांग

लांबच्या सायकल सफरीला निघताना सगळे घाटांची चौकशी करतात. मला विचाराल तर दिवस खातो तो समोरचा वारा. घाटाला माथा असतो, माथ्यापलीकडे उतार असतो. वाऱ्याला यातलं काहीच नाही. या सफरीतला मला सगळ्यात आवडलेला दिवस नेमका असाच होता: रस्ता सपाट, सरळ, आणि ऊन चढल्यापासून वारा थेट छातीवर.

हिशोब साधा आहे. आपण ताशी २० किलोमीटरने चाललोय आणि समोरून वाराही २० चाच असेल, तर अंगावर हवा येते ४० च्या वेगाने. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो थेट चौपट. त्यात मागे कॅरिअरला दोन्ही बाजूंनी बॅगा. अशा वेळी एकामागे एक लागलं की मागच्यांची साधारण पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. आडोसा मिळाल्याचं आधी कानांना कळतं. घोंघावणं एकदम कमी होतं आणि आपल्याच चेनचा आवाज ऐकू यायला लागतो.

आम्ही चौघं. पुढचा दमायच्या आत बाजूला व्हायचा, वेग थोडा कमी करून शेवटच्या चाकामागे लागायचा. यात खरं कसब नव्याने पुढे येणाऱ्याचं. मागे राहून पाय मोकळे झालेले असतात, त्यामुळे जोर आपसूक लागतो. आणि नुकताच बाजूला झालेला, ज्याला सगळ्यात जास्त धाप लागलीये, तोच मागे सुटतो. म्हणून आमच्यात ठरलेलं आहे: ज्याच्यात दम जास्त त्याने जास्त वेळ पुढे राहायचं, जास्त वेगाने जायचं नाही. आमच्यातली एक मैत्रीण दुपारनंतर मिनिटभरच पुढे टिकायची. पण पाळी तिने सोडली नाही, आणि आम्हीही सोडायला सांगितलं नाही. त्या मिनिटात बाकी तिघांच्या पायांना खरंच विसावा मिळत होता.

मागे असताना नजर चाकावर नाही, पुढच्याच्या खांद्यावर ठेवायची. चाकाकडे एकटक पाहिलं तर खड्डा दाखवणारा हात दिसतच नाही. माझ्यापुढच्या मित्राच्या पाठीवर घाम वाळून मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. त्या अजून डोळ्यांसमोर आहेत.

मध्येच त्याचं मागचं चाक बसलं. बॅगा उतरवल्या, ट्यूब बदलायला घेतली. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटांनी चाचपला, तेव्हा केसाएवढी बारीक तार सापडली. ट्रकचे टायर फुटले की अशा तारा रस्त्यावर पसरतात. ती तशीच राहिली असती तर नवी ट्यूबही गेली असती. बाहेरून काही म्हणता काही दिसत नव्हतं. एकाने चिमट्याने ती ओढली, दुसऱ्याने पंप हातात घेतला, आणि मैत्रिणीने तोवर सगळ्यांच्या बाटल्यांतलं पाणी सारखं वाटून टाकलं.

उन्हं कलल्यावर रस्ता वळला आणि वारा बाजूने यायला लागला. तेव्हा तिरक्या रांगेत आडोसा मिळतो, पण त्यासाठी रस्त्याची रुंदी अडते. मागून गाड्या येत होत्या, म्हणून आम्ही मुकाट एकेरीच राहिलो. शेवटच्या टप्प्यात वारा पाठीशी आला, रस्ता मोकळा झाला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच दोघं-दोघं जोडीने बोलत चाललो. विषय एकच, उद्या पहिली पाळी कोणाची. मैत्रिणीने ती मागून घेतली.