कोलोनच्या दहा, म्युनिकच्या दोन

जर्मनीतल्या कोलोनमध्ये बिअर मागवावी लागत नाही, थांबवावी लागते. फ्रीझेनश्ट्रासेवर पेफगेन नावाची १८८३ सालची ब्रुअरी आहे, तिथे लांब टेबलाच्या टोकाला आम्हाला जागा मिळाली. वेटरला इथे 'क्योबेस' म्हणतात आणि जरा फटकळ असणं हा त्याचा हक्कच मानतात. हातातल्या गोल ट्रेच्या खाचेतून त्याने एक उभट, सडपातळ ग्लास उपसला, समोर ठेवला आणि खालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ मारली. ग्लास संपतोय तोच दुसरा हजर, दुसरी रेघ. विचारणं वगैरे नाहीच. पुरे झालं की तोच पुठ्ठा ग्लासवर झाकायचा. आम्ही गप्पांत रंगलो, राय नावाच्या धान्याचा पाव आणि चीज चालूच होतं. झाकलं तेव्हा माझ्या पुठ्ठ्यावर दहा रेघा होत्या.

पुठ्ठ्याचा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला. लगेच एका मित्राचं उत्तर : "दहा? आणि मेसेज सरळ टाईप होतोय? फेकू नकोस!"

त्याचंही बरोबर. त्याच्या डोळ्यांपुढे आपली ६५० मिलीची बाटली, म्हणजे साडेसहा लिटर! कोलोनच्या बिअरचा, म्हणजे क्योल्शचा, ग्लास असतो २०० मिलीचा. ही बिअर ग्लासात लवकर मरगळते, म्हणून थोडी थोडी, पण सतत ताजी देतात. दहा ग्लासांचे झाले दोन लिटर, आपल्या जेमतेम तीन बाटल्या, त्याही सबंध संध्याकाळ मिळून.

पुढचा मुक्काम म्युनिक. आउगुस्टिनर-केलरच्या बागेत चेस्टनटच्या झाडांखाली लोक 'मास' घेऊन बसलेले. मास म्हणजे एक लिटर. जाड काचेचा मग रिकामाच किलोच्या वर भरतो. भरलेला एका हाताने उचलताना मनगट कुरकुरतं. मगावर लिटरची खूण असते, फेस तिच्या वर. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई तो लीलया उचलत होत्या, मी मात्र दुसरा हात लावला.

रात्री ग्रुपवर लिहिलं, "आज दोनच." झालं! "सुधारलास रे", "वहिनींनी दम दिला वाटतं". बिअर तेवढीच, दोन लिटर, उलट इथली क्योल्शपेक्षा किंचित कडकच. पण दोन म्हटल्यावर माणूस संसारी वाटतो.

त्याच ग्रुपवर एकाचा मावसभाऊ लंडनला असतो आणि तो एका बैठकीत दहा व्हिस्की मारतो, ही कथा आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलोय. इंग्लंडच्या पबमध्ये सिंगल बहुधा २५ मिलीचा, कुठे कुठे ३५ चा. २५ धरला तर दहाचे अडीचशे मिली. आपला लार्ज ६० चा, म्हणजे चार लार्ज आणि वर घोटभर. कथा सांगणारा स्वतः दर शनिवारी चार लार्ज घेतो आणि "मी आपला बेताचाच" म्हणतो. हा हिशेब त्याला ग्रुपवर पाठवलाय. निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही.