रे मार्केट आणि कोथिंबिरीची जुडी

पाच वर्षं मी कॅमेऱ्यामागे होतो. समोरच्याला 'अहो, मोकळं बोला ना' म्हणायला काय जातं! त्या दिवशी निवेदन करणारी मुलगी तापानं आडवी झाली आणि ऑफिसातून फोन आला, "तूच बोल, दीड मिनिटाचं तर आहे."

पुण्याची महात्मा फुले मंडई, सकाळचे आठ. ट्रायपॉड उभा केला, कॉलर माइक लावला. वाक्य साधं होतं : '१८८६ साली सुरू झालेली ही मंडई तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं रे मार्केट म्हणून ओळखली जायची.' पहिल्या टेकला १८६८ म्हणालो. दुसऱ्याला हमाल "बाजू, बाजू" करत फ्रेममधून गेला. तिसऱ्याला मागे दोन पोरं हात हलवत उभी. चौथ्याला कुणीच आडवं आलं नाही, आणि माझीच दातखीळ बसली.

कॅमेऱ्याची लाज नव्हती हो. लाज होती ती पिशवी घेऊन चाललेल्या काकांची. थांबत नाहीत, विचारत नाहीत, नुसती मान वळवून बघत जातात. पुण्यात असं बघण्याची एक खास पद्धत आहे.

सातव्या टेकनंतर वरच्या ओट्यावरून आवाज आला. कोथिंबिरीवर पाणी शिंपडत मावशी म्हणाल्या, "ए दादा, ते रे मार्केट मला पाठ झालं. फुडचं सांग की!"

मग त्यांनाच सांगितलं. जोतीराव फुले नगरपालिकेत सभासद होते, या इमारतीवर एवढा पैसा घालायला त्यांचा विरोध होता. त्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं.

मावशींचा हात थांबला. "आन् नाव त्यांचंच दिलं?"

"हो, पुढे दिलं."

"भारीये."

रेकॉर्डिंग बंद करायचं राहूनच गेलं होतं. संध्याकाळी बघितलं तर मी लेन्सकडे नाही, वर कुठंतरी बघतोय, हात हलतायत, आणि आवाज चक्क माझा आहे. तेच वापरलं. मावशींचा आवाज ठेवायला परवानगी तिथंच घेतली होती. "थोबाड नको दाखवू, पोरगा वरडंल," एवढीच त्यांची अट. वर दोन जुड्या घ्यायला लावल्या.

मध्येच त्या गिऱ्हाइकाला "वीसला एक, कमी न्हाई" म्हणतात. ते काप, असं एडिटर म्हणत होता. मी नाही कापू दिलं.